बीडला कधी यावे?

पॅरिसचे लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते आणि ताजमहाल शुक्रवारी. अजिंठ्याला सोमवारी सुट्टी, वेरूळला मंगळवारी. छत्रपती संभाजीनगरात दोनच दिवस मुक्काम असेल, तर ते दोन दिवस कोणते यावर सगळी सहल ठरते. जपानमध्ये चेरीचा बहर कोणत्या शहरात कधी येणार याचे अंदाज दर वर्षी जाहीर होतात आणि लोक त्यांवरून तिकिटे काढतात. आफ्रिकेतला व्हिक्टोरिया धबधबा एप्रिलच्या सुमारास भरात असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झांबियाच्या बाजूने गेलेल्याला बराचसा उघडा कडाच दिसतो. प्रवाशांना दिलेले कामाचे सल्ले नीट पाहिले, तर त्यांतले निम्म्याहून अधिक सल्ले जागेविषयी नसतात, वेळेविषयी असतात.

बीड जिल्ह्याला हे जितके लागू पडते तितके फार थोड्या ठिकाणांना पडत असेल. बाहेरून येणारा माणूस बहुधा एकाच कामासाठी येतो. परळीला वैजनाथाचे दर्शन घ्यायचे, जमले तर अंबाजोगाईला योगेश्वरीची ओटी भरायची आणि रात्रीच्या गाडीने परत. उरलेल्या जिल्ह्याविषयी त्याच्या मनात दुष्काळ आणि ऊसतोड एवढीच चित्रे असतात. एखादा उत्साही कुटुंबप्रमुख मे महिन्यात मुलांना घेऊन सौताड्याचा धबधबा पाहायला जातो, कोरडा कडा पाहून हिरमुसतो आणि बीडमध्ये पाहण्यासारखे काही नाही असे सांगत सुटतो. दोष सौताड्याचा नसतो. चार महिने उशिरा आला असता, तर तोच माणूस तिथून निघायला तयार झाला नसता.

मुंबई-पुण्याच्या लोकांचे पावसाळी गणित सह्याद्रीवर बसवलेले असते. जूनच्या अखेरीस पहिला जोर, जुलैत धबधबे, ऑगस्टमध्ये फुले. बालाघाटचा डोंगर या हिशेबात बसत नाही. तो पर्जन्यछायेत आहे. मृगाचा पाऊस इथे कधी येतो, कधी हुलकावणी देतो, मध्येच तीन-तीन आठवडे उघडीप पडते आणि खरा जोर पुष्कळदा गणपतीपासून दसऱ्यापर्यंत असतो. म्हणून इथल्या धबधब्यांचा भर सप्टेंबरात धरावा. हा पाऊस मर्यादा ओलांडतो तेव्हा काय होते, तेही जिल्ह्याने २०२५ च्या सप्टेंबरमध्ये पाहिले. उभी पिके आणि काठची माती वाहून गेली, गावांचे रस्ते तुटले. त्यामुळे आभाळ भरलेले असताना कॉजवेवरून पाणी वाहत असेल, तर गाडी घालू नये. गावचा माणूस थांबला असेल तिथे आपणही थांबावे. नदी किती वेळात उतरेल हे त्याला ठाऊक असते.

पावसाळी फिरतीसाठी एकच रस्ता पुरतो. बीडहून दक्षिणेला निघाले की पालीजवळ बिंदुसरेचा तलाव लागतो. तो भरला की सांडव्यावरून पाण्याची रुंद चादर कोसळते आणि त्या आठवड्यात अख्खे बीड शहर तिथे लोटते. पुढे मांजरसुंब्याचा घाट चढला की डोंगरात डावी-उजवीकडे फाटे फुटतात. त्यांतला एक कपिलधारला जातो. तिथे मन्मथस्वामींची समाधी आणि तिच्या अंगालाच धबधबा. वीरशैव लिंगायत समाजासाठी हे मोठे क्षेत्र आहे. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाड्यातून आणि सीमेपलीकडच्या कर्नाटक-तेलंगणातूनही पायी दिंड्या येतात. भक्तीचा सोहळा पाहायचा तर त्या दिवशी यावे. शांतपणे पाणी पाहायचे असेल, तर यात्रेच्या महिनाभर आधी. दोन्ही एकाच दिवशी साधत नाही.

त्याच वाटेने लिंबागणेशचा भालचंद्र गणपती करून पाटोद्याकडे वळले की नायगावचे मयूर अभयारण्य येते. १९९४ साली घोषित झालेल्या या अभयारण्याचा विस्तार साधारण ३० चौरस किलोमीटर आहे. बोडक्या माळावर, बोरी-बाभळींत आणि काटवनांत मोर इतक्या सहज दिसतात की शहरातून आलेली मुले आधी बुजतात आणि मग गाडीतून उतरायला तयार होत नाहीत. मात्र दिवाळीच्या सुट्टीत आलेल्यांना मोर दिसूनही पुष्कळदा पिसारा दिसत नाही. विणीचा हंगाम वळवाच्या पावसापासून ऑगस्टपर्यंत चालतो. तो सरला की मोराची लांब पिसे गळून पडतात आणि नवी पूर्ण वाढायला हिवाळा जातो. नाचणारा मोर पाहायचा असेल, तर जून-जुलैची पहाट गाठावी. ऊन चढले की मोर झाडीत शिरतात. गाडीचा कर्णा वाजवला तर पहाटेही दिसत नाहीत.

मग सौताडा. विंचरणा नदी पठाराच्या कडेवरून एकदम खोल घळीत उडी घेते आणि तळाशी रामेश्वराचे देऊळ आहे. वरून पाहणारे फोटो काढून निघून जातात. पायऱ्या उतरून देवळापर्यंत जाणाऱ्याला वेगळेच जग भेटते. वर खुरटे गवत, खाली गर्द सावली, ओलसर कातळ आणि पाण्याच्या आवाजात बुडालेली घंटा. शेवाळलेल्या दगडावर चप्पल सटकते, म्हणून बंद बूट घालावेत आणि कड्याच्या टोकावर उभे राहून छायाचित्र घेण्याचा मोह आवरावा. या पठाराचे आणखी एक वैशिष्ट्य नकाशा उघडून पाहण्याजोगे आहे. विंचरणेचे पाणी सीनेला, सीना भीमेला आणि भीमा कृष्णेला मिळते. याच पाटोदा तालुक्यात गवळवाडीजवळ उगम पावणारी मांजरा मात्र पूर्वेला वळते आणि महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण असा सातशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून गोदावरीला जाते. एका सकाळी फिरून होईल एवढ्या भूभागावर पडलेला पाऊस दोन महानद्यांत वाटला जातो. मुलांना भूगोल शिकवायला याहून चांगला वर्ग मिळणार नाही.

जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, गेवराई तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवन आहे. बहुतेक लोक इथे शनीसाठी येतात आणि शनी अमावस्येला पाय ठेवायला जागा नसते. इतिहासाची ओढ असणाऱ्याने ऑगस्टमध्ये यावे. पानिपतानंतर अडीच वर्षांनी, १० ऑगस्ट १७६३ रोजी याच ठिकाणी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. माधवराव तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे होते. पावसाळ्यात गोदावरी फुगलेली. निजाम स्वतः सैन्याचा एक भाग घेऊन पलीकडे उतरला होता आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडच्या काठावर अडकला होता. मराठ्यांनी नेमका त्याच घडीला हल्ला केला. विठ्ठल सुंदर पडला आणि पलीकडे उभ्या असलेल्या निजामाला नदीमुळे मदत करता आली नाही. उन्हाळ्यात, वाळू उघडी पडलेली असताना ही लढाई समजत नाही. एवढी नदी ओलांडायला काय लागते असेच वाटते. भरलेले पात्र समोर असले की मात्र शब्दाचीही गरज पडत नाही. आता या पाण्याचा चढ-उतार वरच्या अंगाला पैठणच्या जायकवाडी धरणावर अवलंबून असतो. धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी असेल, तर घाटावर उतरू नये. जवळच पांचाळेश्वर आहे, महानुभाव पंथाचे आत्मतीर्थ. दत्तात्रेयांच्या भोजनाचे स्थान म्हणून पंथीय ते पूजतात. राक्षसभुवनला येऊन ते न पाहता परतणे म्हणजे अर्धीच फेरी.

राक्षसभुवनच्या रणभूमीवर हा सारा प्रसंग समजावून सांगणारा एखादा ठळक नकाशा उभा राहायला हवा. पानिपतची हार शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. तिच्यानंतर मराठी सत्ता कशी सावरली, हे सांगणारी जागा आपल्याच जिल्ह्यात आहे, हे बीडच्या मुलांना कळले पाहिजे.

उन्हाळ्यात बीडला यावेच लागले तरी वाईट वाटून घेऊ नये. उलट एक गोष्ट उन्हाळ्यातच नीट पाहता येते, ती म्हणजे खजाना विहीर. बीडपासून सहा किलोमीटरवर, सोलापूरच्या दिशेने. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुर्तजा निजामशहाच्या काळात बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधून घेतली आणि तिच्या रचनेचे श्रेय राजा भास्कर या स्थापत्यकाराला दिले जाते. वरून पाहिले तर ती नुसती मोठी गोल विहीर वाटते. खरे काम जमिनीखाली आहे. डोंगराच्या पायथ्याशी मुरलेले पाणी भुयारी बोगद्यांतून विहिरीत येते आणि दुसऱ्या बोगद्याने उताराच्या जोरावर पुढे शेतांकडे निघून जाते. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. पाणी आपल्याच वजनाने चालते आणि वाटेत ऊन लागत नसल्याने वाफ होऊन उडूनही जात नाही. दुष्काळी मुलखाला याहून शहाणी योजना कोणती असणार!

हे ज्ञान एकट्या बीडचे नव्हते. इराणमध्ये अशा भुयारी कालव्यांना कनात म्हणतात आणि त्यांतले ११ कनात २०१६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. दख्खनमध्ये बिदरला कारेझ आहेत, बुऱ्हाणपूरला कुंडी भंडारा आहे आणि छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की ज्या नहरीच्या पाण्यावर फिरते ती याच पठडीतली. पाणचक्की पाहायला गर्दी जमते, कुंडी भंडाऱ्यालाही लोक जातात. खजाना विहिरीवरून मात्र सोलापूर-धुळे महामार्गाची वाहने भरधाव निघून जातात. मार्च ते मे या काळात पाणी खाली गेले की आतला कट्टा आणि बोगद्यांची तोंडे स्पष्ट दिसतात. पावसाळ्यात हेच पाण्याखाली किंवा शेवाळात असते. बोगद्यात शिरण्याचा प्रयत्न कोणी करू नये. साप, विंचू आणि कोंदट हवा या तिन्हींची भीती खरी आहे. आणि दगडावर नावे कोरणाऱ्यांनी, प्लास्टिकच्या बाटल्या आत टाकणाऱ्यांनी तिथे न गेलेलेच बरे.

बीड शहरातले कंकालेश्वराचे देऊळ चालुक्य काळातले आहे. चौकोनी कुंडाच्या मधोमध उभे, चारी बाजूंनी पाणी, आणि आत जायला छोटा पूल. बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्ती पाहायला तिरपे ऊन लागते. म्हणून सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर जावे. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात दगडाचा सगळा उठाव सपाट होऊन जातो. महाशिवरात्रीला इथे जत्रा भरते. शहराला लागूनच्या टेकडीवर खंडोबाचे हेमाडपंती देऊळ आहे आणि त्यापुढच्या सुमारे सत्तर फुटी दोन दीपमाळा लांबूनच लक्ष वेधतात. मुलांना झाडांत न्यायचे असेल, तर पालवणचा सह्याद्री देवराई प्रकल्प आहे. अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या या देवराईत फेब्रुवारी २०२० मध्ये वृक्ष संमेलन भरले होते.

आता यायचे कसे, ते. अनेक पिढ्यांनी वाट पाहिलेली रेल्वे अखेर १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगरहून बीडपर्यंत आली. या मार्गाचे पुढचे टोक परळी. परळीला पूर्वीपासून रेल्वे आहे आणि हैदराबादकडून येणाऱ्यांसाठी ती सोयीची पडते. जिल्ह्याच्या आत मात्र एसटी किंवा स्वतःची गाडी हाच आधार. तालुक्याच्या गावांना एसटी चांगली मिळते. सौताडा, कपिलधार, नायगाव अशा ठिकाणी परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ चढतानाच वाहकाला विचारून घ्यावी. आणि हा जिल्हा एका मुक्कामावरून उरकायचा नाही. बीड शहरातून पश्चिमेचा भाग पाहावा, अंबाजोगाईला मुक्काम हलवून पूर्वेचा. दोन्हींत नव्वद-एक किलोमीटरचे अंतर आहे.

ऑक्टोबरमध्ये त्या वाटेला जाताना धारूर चुकवू नये. विजापूरच्या आदिलशाहीतल्या किश्वरखानाने १५६८ साली इथला किल्ला बांधला. पुढच्याच वर्षी तो निजामशाहीने घेतला आणि सतराव्या शतकात मोगलांनी. किल्ल्याची तटबंदी चांगली, पण या दिवसांत धारूरला जाण्याचे खरे कारण सीताफळ. बालाघाटच्या मुरमाड उतारावर, कोणी पाणी न घालता वाढलेली ही झाडे. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. रस्त्याकडेला टोपल्या मांडून बसलेल्या बायांकडून घेताना फळाचे डोळे उघडलेले बघावेत, म्हणजे खवल्यांमधल्या भेगा रुंद आणि पिवळसर झालेल्या. तसे फळ दोन दिवसांत पिकते. पुण्या-मुंबईपर्यंत न्यायचे असेल तर थोडे कडक निवडावे आणि एकावर एक रचू नये. हा हंगाम दसरा-दिवाळीचा, आणि फार तर दीड-दोन महिन्यांचा. भाव करताना हात आखडता घेऊ नये. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाण्याआधी अनेक घरांत हाच रोख पैसा येतो.

अंबाजोगाईला शारदीय नवरात्रात सगळेच जातात. जाणकार मार्गशीर्ष निवडतात. योगेश्वरीचा मुख्य उत्सव मार्गशीर्षातला. पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला, तो पूर्ण होतो. कोकणस्थांची ही कुलस्वामिनी. कोकणातल्या घराण्यांची देवी सह्याद्री ओलांडून इतक्या पूर्वेला कशी, हा प्रश्न प्रत्येक नव्या सुनेला पडतो आणि त्याचे उत्तर म्हणून एक कथा सांगितली जाते. देवीचे लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरले, वऱ्हाड निघाले, पण मुहूर्त टळला आणि वऱ्हाडी जागच्या जागी दगड झाले. देवी अंबाजोगाईतच राहिली. गावाबाहेर जयंती नदीकाठच्या खडकात कोरलेल्या लेण्यांत जे मोठे हत्ती दिसतात, ते त्या वऱ्हाडातले असे लोक म्हणतात. या लेण्यांना हत्तीखाना म्हणतात. मधोमध नंदीचा मंडप, बाजूला खांबांच्या ओळी. परळी ते अंबाजोगाई हे पंचवीस किलोमीटरचे अंतर जाताना गाडीत ही गोष्ट सांगावी आणि मग मुलांना हत्ती दाखवावेत.

अंबाजोगाईत दर्शन आटोपून लगेच निघणाऱ्यांचे फार मोठे नुकसान होते. हे मराठी भाषेचे गाव आहे. ‘विवेकसिंधु’ शके १११० मध्ये, म्हणजे इ. स. ११८८ मध्ये लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधी इथल्या दरीत आहे. विदर्भातले अंभोरेही मुकुंदराजांवर हक्क सांगते आणि अभ्यासकांचा तो वाद जुनाच आहे. पण समाधीकडे उतरणारी झाडीतली वाट ज्याने चालून पाहिली, त्याला वादाची आठवण राहत नाही. सोळाव्या शतकातले दासोपंतही इथलेच. गीतेवर ‘गीतार्णव’ हा सव्वा लाख ओव्यांचा मानला जाणारा ग्रंथ त्यांनी लिहिला आणि तेवढ्याने समाधान न होऊन लांबलचक कापडावर, पासोडीवर, पंचीकरण उतरवले. ती पासोडी गावाने शतकानुशतके सांभाळली आहे. ती पाहायची इच्छा असेल तर आधी विचारपूस करून, वेळ ठरवून जावे आणि कापडाला हात लावू नये. शिलालेख वाचण्याची आवड असणाऱ्यांनी यादवांचा सेनापती खोलेश्वर याचे नाव लक्षात ठेवावे. त्याचा मुलगा राम गुजरातच्या लढाईत पडला. त्याची बहीण लक्ष्मी हिने भावाच्या स्मरणार्थ देऊळ बांधवले, हे शके ११६२ च्या लेखातून कळते. आठशे वर्षांपूर्वीच्या एका बहिणीचे दुःख दगडावर टिकून आहे.

परळीविषयी थोडक्यातच सांगायचे. झारखंडचे देवघर आणि परळी दोन्ही ठिकाणे वैजनाथ ज्योतिर्लिंगाचा मान सांगतात. मराठी माणसासाठी वैजनाथ परळीचा. देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. एरवी इथे भाविकाला पिंडीला हात लावून दर्शन घेता येते आणि लांबून आलेल्या वृद्धांना त्याचे फार अप्रूप असते. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र सोडून साध्या आठवड्यातला एखादा दिवस निवडला, तर ते समाधान घाईविना मिळते. पायऱ्या बऱ्याच आहेत, तेव्हा गुडघेदुखीच्या माणसाला कुठल्या बाजूने न्यावे हे खालीच विचारून घ्यावे.

एक ठिकाण असे आहे की तिथली यात्रा गाठायला अडीच-पावणेतीन वर्षे थांबावे लागते. माजलगाव तालुक्यात गोदाकाठी पुरुषोत्तमपुरी आहे. अधिक महिना हा पुरुषोत्तमाचा, आणि तो साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी येतो. त्या महिन्यात लेकी-जावयांसह कुटुंबेच्या कुटुंबे इथे स्नानाला येतात. एरवी गाव अगदी निवांत असते. इतिहासकार पुरुषोत्तमपुरीला वेगळ्या कारणाने ओळखतात. यादव राजा रामचंद्राचा शके १२३२ (इ. स. १३१०) चा ताम्रपट इथे सापडला आणि यादवांच्या अखेरच्या काळावर त्याने मोलाचा प्रकाश टाकला. गर्दी नको असणाऱ्याने अधिक महिना टाळून हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी यावे, घाटावर बसावे, विटांचे देऊळ निवांत पाहावे.

हिवाळ्यात जिल्ह्याचे रूप आणखी बदलते. शाळू पोटरीत येऊन कणसे दुधाळ झाली की शेताशेतांत आगट्या पेटतात. डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीभर हुरड्याचे दिवस. कोणाच्या ओळखीने शेतावर जाता आले तर उत्तम. रिकाम्या हाताने जाऊ नये आणि कणसे आपल्या हाताने तोडू नयेत. मालक भाजून, चोळून, सुपात पाखडून देईल तो गरम हुरडा तिळाची किंवा शेंगदाण्याची चटणी, दही आणि गूळ यांच्याबरोबर खावा. याच दिवसांत पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या भागांतल्या पुष्कळ घरांना कुलपे दिसतील. ती माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडावर असतात, म्हाताऱ्या आणि शाळकरी मुले तेवढी गावात. अशा वस्तीवर वाट विचारायला थांबले, तर आजी आधी पाणी विचारते. तिला आपण कुठून आलो ते सांगावे, चार घटका बसावे. बहुतेक वेळा पुढच्या गावातले जुने देऊळ, बारव किंवा वीरगळ नेमके कुठे आहे, हे तीच सांगते.